मोना पान्हा चोरते

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकं रिकामे पेले घेऊन उभी होती आणि मोना थेंबभर दूध द्यायला तयार नव्हती.

मोना म्हणजे गुंडूची म्हैस. कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकांसमोरच धार काढायची पद्धत होती. रेडकू कासेला लावून झालं होतं, पुढ्यात पेंड होती, गुंडूनं कास कोमट पाण्यानं धुतली होती. तरी ती पान्हा चोरून निवांत रवंथ करत होती. आठवडाभर दूध कमी कमी होत आलं होतं, आज तर सड कोरडेच. शेजारच्या म्हशीखाली बादली फेसानं भरत होती आणि गुंडूचं एकेक गिऱ्हाईक पेल्यासकट तिकडं सरकत होतं. घर या एका म्हशीवर चालत होतं.

"डॉक्टर दावला का, मामा?" तालमीतल्या धैर्यशीलनं विचारलं. त्याच्या हातात पेला नव्हता, तांब्या होता.

"दावला की. म्हस ठणठणीत हाय म्हंतोय."

गुंडूची बायको बायडाबाई दावं धरून मोनाच्या तोंडाशी उभी होती. "मोना," ती म्हणाली, "आणि पेंड घालू का, इचार त्यास्नी."

"मोना, नगं म्हणून सांग," गुंडू कासेजवळून म्हणाला.

रांगेत इरावतीताई होत्या. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि रोज संध्याकाळी इथं धारोष्ण दूध प्यायच्या. परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जाऊन त्या आजच परतल्या होत्या. आल्यापासून त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आता लक्षात आलं. कट्ट्यावर शांतता होती.

"तुम्ही दोघं भांडत कसे नाही आज?" त्यांनी विचारलं.

"आबोला हाय, मॅडम," धैर्यशीलनं परस्पर सांगून टाकलं. "चंदगडला मामींच्या भावाकडं जेवाय गेलती. तिथं मामा रस्सा पातळ हाय म्हणालं."

"पातळ न्हाय," बायडाबाईनं म्हशीकडं बघत दुरुस्ती केली. "ह्यात पोरास्नी आंघोळ घाला म्हणालं. माझ्या भावाच्या तोंडावर."

इरावतीताईंचा चेहरा एकदम उजळला. "अहो, मग म्हैस कशी दूध देईल? धार काढताना तुम्ही रोज भांडायचात. आधी भांडण, मग दूध. तिच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. भांडण कानावर आलं की पान्हा सोडायचा! याला अभिसंधान म्हणतात. इतकी वर्षं मी वर्गात घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा शिकवतेय..."

"घंटा आणू का?" धैर्यशीलनं विचारलं. "देवळात हाय."

"घंटा नको. भांडा!"

आता असं सांगून कुणी भांडायला लावलं तर शब्द सुचतात होय? गुंडूनं घसा खाकरला. "बायडाबाई," तो शाळेच्या नाटकातल्यासारखा म्हणाला, "आपण बादली स्वच्छ धुतली नाही."

"धुतली आहे," बायडाबाई बातम्या दिल्यासारखं म्हणाली.

मोनानं शेपटीनं माशी हाकलली. बाकी काही नाही.

"बघा, खोट्या भांडणातला फरकसुद्धा तिला कळतो!" इरावतीताई खूश झाल्या. "हेही शास्त्रात आहे."

आणखी दोन पेले शेजारी सरकले. गुंडूचं डोकं फिरलं.

"शास्त्र ऱ्हाऊ द्या तिकडं! एवढ्याशा रश्श्यापायी ह्या बाईनं धंदा बुडवला माझा. काय खोटं बोललोतो? पातळ हुता, पातळच हुता!"

मोनाचा कान हलला.

"पातळ हुता तर मागून मागून वाट्या वरपल्या कुणी?" बायडाबाई गरकन वळली. "तुमच्या आज्यानं?"

"पावणं वाईट वाटून घेतील म्हणून प्यालो!"

"आणि घराकडं येस्तवर गाडीवर ढेकर देत आलासा, ते बी पावण्यांसाठीच?"

"तुझ्या भावानं माझ्या म्हशीला नावं ठेवलीती, ते इसरलीस व्हय?"

"म्हशीला न्हाय, तुमास्नी ठेवलीती! आणि बरुबर ठेवलीती!"

बादलीत चुर्रकन धार पडली. दोघंही दचकून गप्प झाले. धार बारीक झाली.

"मामी, थांबू नगासा!" धैर्यशील तांब्या उंचावून ओरडला.

मग बायडाबाई थांबलीच नाही. आठवडाभराचं साठलेलं सगळं तिनं बाहेर काढलं. रस्सा झाला, सासरची माणसं झाली, दिवाळीची साडी झाली. खरं सांगायचं तर या आठवड्यात तिला घर खायला उठलं होतं. गुंडूलाही इतकं मोकळं वाटत होतं, की तो चुकूनही जिंकायला बघत नव्हता. नुसता पुढचा विषय काढून द्यायचा. सरकलेली गिऱ्हाइकं परत आली. शेजारची म्हैस वळून बघायला लागली. इरावतीताई दोन पेले प्यायल्या आणि ओठांवरचा फेस पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.

गर्दी पांगली. गुंडू उठला. दाव्याची गाठ सोडायच्या निमित्तानं तो बायकोच्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बायडे, चुकलं माझं. रस्सा झकास हुता."

आठवडाभर ती याच शब्दांसाठी झुरली होती. तिचे डोळे भरून आले. पदर डोळ्यांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं मोनाकडं बघितलं.

"गप बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सकाळची धार काढायची हाय. माफी मागायची ती म्हस आटल्यावर मागा."