भरगच्च हार

ट्रकमधून नेत असलेल्या मालाच्या बॅटऱ्या पेटून नवऱ्याचा हात भाजला, तेव्हा जानकीने त्याला असला माल पुन्हा न नेण्याची देवासमोर शपथ घ्यायला लावली. काळ्या पट्ट्यांची, नऊ आकड्याची ती धोकादायक मालाची पाटी ट्रकवरून उतरली. आता तो मरोळहून बिस्किटं न्यायचा.

कधी देवाला हात न जोडणारा हा माणूस हल्ली तिच्या शनिवारच्या उपासाला स्वतःहून म्हणायचा, "जानके, ट्रकच्या मागचा हार भरगच्च कर गं. हातभर रुंद. मधे फट नको." व्रत फळलं म्हणून तिचे डोळे भरून यायचे.

आज वाळलेला हार निर्माल्यात घालायला ती स्वतःच चाळीखाली उतरली.

"अगं राहू दे, मी काढतो!" तो गॅलरीतून ओरडला.

तोवर हार तिच्या हातात आला होता.



तिनेच गुंफलेल्या झेंडूंच्या मागे ट्रकवर तोच नऊचा आकडा होता.