दोन दारांची मोटार

“आवं, उतरा की!” मागच्या सीटवरून विजयमाला तिसऱ्यांदा म्हणाली.

लालासाहेब पुढं, ड्रायव्हर जोतीरामच्या शेजारी, छाती काढून बसले होते. मोटार कुंडलला त्यांच्या सासऱ्याच्या दारात उभी. “तुला पोचवायचं कबूल केलंया. मी ह्या दारात पाय ठेवनार न्हाई म्हंजे न्हाई!”

आता काय म्हणावं या गृहस्थाला! मेव्हण्याच्या लग्नात धाकट्या जावयाला फेटा आधी बांधला, एवढ्यावरून स्वारी चार वर्षं रुसलेली. बायकोचं माहेर तोडलं. सासू साळूबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा कुठं ‘दारापर्यंत सोडतो’ म्हणाले. पण मोटारीला दारं दोनच, दोन्ही पुढं. जोतीरामची सीट जागची हलत नाही. लालासाहेबांची तेवढी दुमडते, तीही ते उठल्यावर. शिराळ्यात घरून निघताना आधी विजयमाला चढली, मग हे बसले. उतरताना आधी आपल्यालाच उतरावं लागेल, हे त्या डोक्यात आलंच नाही.

“जोत्या, परवा पुण्यात मोटार घेताना आंधळा हुतास का रं?”

“चुकलं मालक,” जोतीराम खाली बघत म्हणाला.

मग लालासाहेबांनी शक्कल काढली. फूटबोर्डवर उभे राहिले, दाराला लोंबकळून. जमिनीला पाय नाही! सीट दुमडली, पण वाट आता त्यांच्याच देहानं अडली. विजयमालेनं लुगडं सावरत पाय बाहेर काढला, तो थेट त्यांच्या पोटात.

“खिडकीतनं उतर!”

“मी काय गवताचा भारा हाय, खिडकीतनं टाकायला?”

सासरे नाथाजी उंबऱ्यात तांब्या घेऊन केव्हाचे उभे. तेही तसलेच हट्टी. ‘या’ म्हणायला तोंड उघडेना. अशा दोन माणसांपुढं देवानंही हात टेकावेत.

तेवढ्यात आतून खोल गेलेला आवाज आला, “विजू... आलीस व्हय गं?”

विजयमालेचा धीरच सुटला. “आई गेल्यावर उतरू का मी?” म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

लालासाहेब खाली उतरले. नाथाजींनी चटकन पुढं होऊन त्यांच्या पायांवर पाणी घातलं. दोघंही एकमेकांकडं बघेनात.

घटकाभरानं जावईबापू सोप्यात बसून बशीतला चहा भुरकत होते, मोटारीला शिव्या घालत होते, आणि सासरे मान डोलवत होते. आत साळूबाई लेकीचा हात धरून ते ऐकत पडली होती.

“पावनं घरात आलं. देव पावला गं,” ती म्हणाली. “पर असली अडचणीची मोटार पसंत तरी कुणी केली?”

“मीच, आई. चार दारांची बी मिळत हुती. जोतीरामला मीच बजावलं, दोनच दारांची आन.”