जेवल्याशिवाय

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्राजक्ता अकोल्याच्या बसस्थानकावर उतरली. अमरावतीहून निघताना तिने काकांना कळवलं नव्हतं. हे बोलणं फोनवर होण्यासारखं नव्हतं.

दार जमुनाकाकूने उघडलं. हाताला वड्यांचं पीठ लागलेलं होतं.

"आवं माय, प्राजू! फोन तं करायचा." मग आत वळून म्हणाली, "अहो, प्राजू आली."

शेषरावकाका धोतर नेसूनच बाहेर आले. "आज कशी काय आली तू?"

"काऊन, पुतणीले बंदी हाय काय?"

"तसं नाही. पितृपक्ष ना, आज बाबाचं श्राद्ध हाय घरी. धावपळ रायते."

बाबा म्हणजे सूर्यभानआजोबा. ते गेले तेव्हा प्राजक्ता पाच वर्षांची होती. तिने चप्पल काढली, देवघराकडे हात जोडले आणि काकांसमोर खुर्चीत बसली.

"आईनं पाठवलं, काका. यंदा पप्पाचं पान मांडायचं म्हणते."

काकांनी धोतराचा सोगा सावरला.

"तिथी माहीत नसली तं सर्वपित्री अमावास्येले करतात, असं आमच्याकडले गुरुजी म्हणाले," ती पुढे म्हणाली. "पण तुम्ही मोठे भाऊ. तुमच्या तोंडून हो आलं तरच करायचं, असं आईचं म्हणणं हाय."

पप्पा, म्हणजे देवानंद, बेपत्ता झाले त्याला येत्या मार्गशीर्षात नऊ वर्षं होणार होती. या नऊ वर्षांत तिची आई ताराबाई एकाही रात्री घराबाहेर राहिल्या नव्हत्या. देवानंद परत आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? सख्ख्या भाचीच्या लग्नालाही त्या संध्याकाळच्या बसने परत फिरल्या होत्या. मागच्या महिन्यात मात्र त्या एकदम म्हणाल्या, आता मले सोडवा यातून.

"तुया आईले म्हन, जित्या मानसाचं पान मांडत नसतात," काका म्हणाले. "पाप लागते."

"जिते हायेत, हे तुमाले कसं माहीत?"

"म्याच त्याले गाडीत बसवून देल्लं ना."

पुढचं प्राजक्ताला पाठ होतं. चंपाषष्ठीला दोघे भाऊ वाटणीचं बोलायला मूर्तिजापूरजवळच्या वावरात गेले. रोडगे आणि वांग्याचं भरीत खाल्लं. रात्री तिथेच झोपले. दुसऱ्या दिवशी, सप्तमीला सकाळी, काकांनी पप्पांना मूर्तिजापूर स्टेशनवर पॅसेंजरमध्ये बसवलं. बडनेऱ्याला ते उतरले नाहीत. पोलिसांत काकांनी हेच लिहून दिलं होतं.

"डोक्शात काही भरलं असंन त्याच्या," काका म्हणाले. "कुठं मठात बसला असंन. येईन. त्याच्या वाट्याचं वावर म्या तसंच ठेवलं हाय, हे तुया आईले सांग."

प्राजक्ताचे डोळे भरून आले. काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि विषय बदलला.

"तुले शकुंतला रेल्वे आठवते काय? वावराच्या बाजूनं जायची ते?"

"आठवते ना. आजी डायवरले वांगे द्यायची."

"नुसते वांगे? हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची जुडी बांधून द्यायची माय. थो गाडी हळू करे, आन् माय संग पळत जाऊन त्याले घरच्यांची खुशाली विचारे. गाडी अचलपूरले लेट पोचली का लोक म्हनत, पार्बताबाई भेटली असंन."

आतून काकूही हसली. प्राजक्ताला आंब्याखालची मचाणाची शिडी आठवली, हुरड्याची तडतड आठवली. पप्पा तिला कडेवर घेऊन विहिरीत दगड टाकायचे आणि आवाज यायला किती वेळ लागतो ते दोघं मोजायची.

"विहीर हाय ना अजून?"

"बुजवली. पानी नव्हतं तिले. बोअर मारला."

"मले एकदा दाखवा ना वावर."

"आता चिखल हाय. दिवाळीले जाऊ."

तिने आईला फोन लावला. काका नाही म्हणतात, हे तिने सांगितलं.

"भाऊजी म्हनतात ना असं? सोताच्या तोंडानं?" ताराबाईंचा आवाज एकाएकी पोरीसारखा झाला. "मंग राहू दे बाप्पा. मी आत्ताच गुरुजीले नाही म्हनून सांगते. काय माय मी, चालली होती पान मांडाले."

फोन ठेवेपर्यंत काका सदरा घालून उभे होते. "साडेअकराची बस हाय. चाल, सोडून देतो."

"श्राद्धाच्या दिवशी घरची पोरगी उपाशी धाडता काय?" काकू आतून म्हणाली. "जेवल्याशिवाय नाही जायची ते."

काका स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काकूने कढईवरून नजर वर केली नाही.

"मंग मी चौकातून गुरुजीले घेऊन येतो," असं म्हणून ते घाईने निघाले.

पाच मिनिटांनी मागच्या गल्लीतून एक स्कूटर आली. गुरुजी तरुण होते. वडिलांचे गुडघे धरल्यामुळे यंदा त्यांचे यजमान आपण सांभाळतो, असं त्यांनी सांगितलं. प्राजक्ताने पाणी दिलं.

"यजमान?"

"तुम्हालाच पाहायला चौकात गेले."

"चुकामूक झाली. येतील." ते पाटावर बसले, पिशवीतून दर्भ काढले आणि खिशातला कागद उलगडला. "तोवर नाव पाहून घेतो. पहिल्यांदाच येतोय ना, चुकायला नको."

"सूर्यभान," प्राजक्ता म्हणाली. "माझे आजोबा."

गुरुजींनी कागदावरून बोट फिरवलं.

"नाही, त्यांची तिथी दशमी. त्यांचं अजून चार दिवसांनी. आज षष्ठी," ते म्हणाले. "यजमानांचे धाकटे भाऊ, देवानंद. यंदाचं नववं वर्ष."