रुस्तम आणि पिनरचा गणपती

उदय आणि रघुवीर यांच्यामध्ये एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर रघुवीरचा कोट होता. लंडनमधल्या पिनरच्या त्या हॉलमध्ये लोकांचं लक्ष व्याख्यानापेक्षा त्या कोटाकडेच जास्त. गणपती इथे पिनरला बसवायचा की शेजारच्या हॅरोला, यावरून मराठी मंडळात दोन तट पडले होते: पिनरवाला उदय, हॅरोवाला रघुवीर. आज व्याख्यान संपलं की उदय उठून वेगळं मंडळ जाहीर करणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

व्याख्यान देणाऱ्या गिरिजाबाई निवृत्त इतिहासशिक्षिका. प्रोजेक्टर बिघडला तरी बाई ढिम्म. हातात कागद नाही, आणि प्राचीन इराणचे दोन सरदार त्यांनी समोर उभे केले.

"रुस्तम सगळ्यात बलाढ्य. राणीनं बापाला मारलं म्हणून त्यानं तिचे डोळे काढले. फिरुझान त्याचा वैरी. हे दोघं एकमेकांच्या उरावर बसलेले आणि तिकडे सरहद्दीवर अरबांची फौज. शेवटी यांचीच माणसं यांच्याकडे आली. म्हणाली, तुमचं मिटवा, नाहीतर शत्रूच्या आधी तुम्हालाच बघून घेतो."

"मग आजी, त्यांनी ऐकलं? रिअली?" पुढे बसलेल्या अन्वीनं विचारलं.

"ऐकलं गं. एवढा मोठा माणूस, पण वैऱ्याशी हात मिळवला. एका पोराला गादीवर बसवलं, आणि हरणार हे कळत असूनही लढायला गेला. तिथेच पडला. मला तो फार आवडतो. फक्त मिटवायला त्याला उशीर झाला. साम्राज्य काही वाचलं नाही."

उदयची छाती फुगली होती. रुस्तमचं शौर्य त्यानं लगेच स्वतःकडे घेतलं. उशिराचं तेवढं सोडून दिलं. टाळ्या थांबल्या तसा तो उठला.

"मला दोन शब्द बोलायचेत."

इतक्यात किचनच्या खिडकीचं शटर अर्धं खाली आलं. आत उदयची आशा आणि रघुवीरची सुलक्षणा वडे तळत होत्या. नवऱ्यांचं काही का चालेना, मंडळाच्या कढईशी या दोघी कायम एकत्र.

"गिरिजाबाई," आशानं आतून हाक मारली, "ती माणसं काय म्हणाली ते जरा परत सांगा ना. आम्हा दोघींना नीट ऐकू नाही आलं."

कोणी हसलं नाही. बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं, जरा मोठ्यानं, पुन्हा म्हटलं.

उदय उभाच राहिला. भाषण तोंडपाठ होतं. बायकोचा राग यायला हवा होता, पण त्याला वाटलं ते कौतुक. काय बाई आहे ही!

"रघुवीर," तो शेवटी म्हणाला, "यंदा मूर्ती तुझ्या गाडीतून नेऊ या. हॅरोपर्यंत माझी गाडी काही धड जायची नाही."

रघुवीरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीवरचा कोट उचलून त्यानं मांडीवर घेतला.

"बस," तो म्हणाला. "वडे येतायत."