टेस्ट कॉल

मिल बंद झाल्यावर मी टेलिफोनचं काम धरलं. आमचे मिल मॅनेजर यशवर्धनसाहेब यांनी सांवेर रोडवर कारखाना काढला, तेव्हा मुंबईच्या कॉम्प्युटरला चोवीस तास जोडलेली त्यांची दोन चॅनलची आयएसडीएन लाइन मीच टाकली.

"भिया, दोन्ही चॅनल डेटालाच लावून टाका."

"एक फोनला ठेवू, साहेब. अडीनडीला लागतो."

जोडणी झाली की टेस्ट कॉल गिऱ्हाइकाने करायचा असतो. मी हॉस्पिटलचा नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"म्हणा, मिलच्या क्वार्टरमध्ये बाईला दमा उठलाय, गाडी पाठवा. माझी बायको गेली त्या दिवशी एवढाच फोन तुम्ही मला ऑफिसातून करू दिला नव्हता. बोला, नाहीतर लाइन चालू होणार नाही."

साहेब हळू आवाजात बोलले.

पलीकडून विचारलं, "मरीज का नाम?"

साहेबांना ते ठाऊक नव्हतं.