शिलेदारचा नवस

भागूबाई शोरूमची पायरी चढल्या तसा रविराज खुर्चीतून उठला. रोजचंच होतं ते. घरची पूजा आटोपली की त्या जळोचीहून चालत यायच्या. काचेमागं उभ्या केलेल्या शिलेदार मोटारसायकलजवळ जाऊन पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या चिमट्यावर हात ठेवायच्या. डोळे मिटून ओठातल्या ओठात काही पुटपुटायच्या आणि परत फिरायच्या. थोरला पोरगा सिद्धू पडला त्या दिवसापासून त्यांनी मीठही सोडलं होतं.

"काकी, आज तरी घोटभर चहा?"

"नगं बाळा. नवस फिटू दे आधी."

नवस कसला, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. फिटेपर्यंत नवस बोलून दाखवायचा नसतो, नाहीतर देवाजवळ गेलेला मागं येतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि विचारायचं तरी काय? बाई रोज गाडीवर हात ठेवते, म्हणजे गाडीसाठीच मागत असणार.

शिलेदार हे जुन्या माणसांच्या तोंडातलं नाव. चिखलातून, ओढ्यातून, उसाच्या सरीतून बेधडक जाणारी गाडी. मग ती कंपनी बुडाली. आता दुसऱ्याच कुणी ते नाव घेऊन गाडी नव्यानं काढली, तेव्हा बारामतीची एजन्सी रविराजनं मोठ्या हौसेनं घेतली.

पण पहिल्याच शर्यतीत, निमगाव केतकीच्या माळावर, भागूबाईंचा थोरला सिद्धू उडी मारताना पडला. गाडीच्या चिमट्याचे दोन तुकडे झालेले. कंपनीचे साहेब म्हणाले, "चिमटा पडल्यावर मोडला. पोरानं उडी चुकवली." रविराज तिथंच उभा होता. धुरळ्यात त्याला नीटसं दिसलं नव्हतं, तरी त्यानंही तेच सांगितलं. सिद्धूची कंबर गेली ती गेलीच. वर गावानं नावं ठेवली, पेलत नव्हती तर बसला कशाला.

तेव्हापासून गिऱ्हाईक यायचं, हँडल हलवून बघायचं आणि म्हणायचं, "आधी पळून तर दाखवू दे." शेवटी साहेबांनी निर्वाणीचं कळवलं. त्याच माळावर, यंदाच्या शर्यतीत गाडी शेवटपर्यंत पळाली तर एजन्सी राहील. नाहीतर शोरूमला कुलूप.

गाडीवर बसायला कुणी तयार होईना. पणदऱ्याचे दादासो तात्या, ज्यांनी जुन्या शिलेदारवरून उभी हयात दूध घातलं, ते शोरूममध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "रवी, चिमट्याची घडण बदलली का रं?"

"बदलायची कशाला, तात्या? चूक चिमट्याची न्हवतीच."

"मग तू बस की."

रविराज कसंनुसं हसला. भागूबाई गाडीजवळच उभ्या होत्या. चिमट्यावरचा हात न काढताच त्या म्हणाल्या, "माझा युवराज बसंल."

युवराज त्यांचा धाकटा. घरात आता तेवढाच एक धडधाकट. रविराजनं वाकून त्यांचे पाय धरले.

"काकी, एवढा भरवसा तर माझाबी न्हाय गाडीवर."

"माझा हाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जेवताना रविराजच्या मनात तेच घोळत राहिलं. आपण हिच्या पोराला खोटं पाडलं आणि ही आपलं दुकान वाचवायला दुसरं पोर देतेय. माणूस एवढं माफ करू शकतो?

शर्यतीच्या आदल्या दिवशी भागूबाईंनी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून उसाचं पाचट माळावर आणलं आणि उडीच्या पलीकडं गुडघाभर पसरून घेतलं. पोरं हसली. "म्हातारीनं गादी घातली," म्हणाली. रविराजनं त्यांना गप्प केलं. आईचं काळीज आहे, चालायचंच.

माळावर दुसऱ्या दिवशी ही गर्दी. साहेब खुर्चीवर, तात्या बांधावर. झेंडा पडला आणि शिलेदार सगळ्यांच्या पुढं निघाली. वळणं घेतली, चढ चढला, पहिल्या फेरीला उडी मारून अलगद टेकली. पोरं मोबाइल वर धरून ओरडत होती. फेरीमागून फेरी झाली. तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. "हीच रं ती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

रविराजनं भागूबाईंकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

शेवटच्या फेरीला गाडी उडीवरून वर गेली आणि हवेतच ऊस मोडावा तसा काडकन आवाज आला. पुढचं चाक सुटून वेगळंच खाली आलं. युवराज फेकला गेला तो थेट पाचटात. मग पाचट हललं. खांदा धरून पोरगं उठून बसलं.

साहेब खुर्चीतून उठले ते गाडीकडं न जाता आपल्या मोटारीकडं गेले. रविराज तिथंच मातीत बसला. दुकान गेलं, त्याचंही काही वाटेना. या बाईचं दुसरं पोर आपण मारत होतो.

भागूबाई युवराजला चाचपून आल्या आणि रविराजच्या शेजारी टेकल्या. त्याला मान वर करवेना.

"काकी, कुठल्या तोंडानं माफी मागू?"

"चाक वरच सुटलं. बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

"समद्यांनी बघितलं. मोबाइलातबी हाय. आता माझ्या सिद्धूनं उडी चुकवली, असं कुणी म्हणायचं न्हाय."

"पण काकी, तुमचा एवढा कडक नवस..."

"फिटला की," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "चिमटा मोडू दे, हेच मागत हुते रोज. मग मोडणाऱ्या गाडीवर दुसरीचं पोर कसं बसवू?"