एकाच मालकाची

पहिलीच होडी घ्यायची होती. वापरलेली गळत होती, नवीला चार महिने लागणार होते. म्हणून नवरा डागडुजी केलेल्या एका होडीवर अडून बसला.

"एकाच मालकाची आहे," होड्या बांधणारा कारागीर म्हणाला.

बायकोने होडीच्या टोकावरचा रंग किल्लीने खरवडला. आत एका बाईचं नाव निघालं. आणखी खरवडल्यावर दुसरीचं. त्याच्याही खाली तिसरीचं.

"मालक एकच म्हणालात ना?"

"एकच हो, वहिनी. हौशी माणूस. होडीला बायकोचंच नाव द्यायचा, दर वेळी."

"लाकूड मात्र खणखणीत आहे," नवरा म्हणाला.

बायकोने किल्ली पदराला पुसली.

"चार महिने थांबू. नवीच बांधा," ती कारागिराला म्हणाली. "आणि माझं नाव रंगवू नका. कोरा."